चूक कोणाची, भार कोणावर

1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू होतं. गर्डर बसवणारं अवजड यंत्र उंचावरून कोसळलं आणि 20 माणसं दगावली. बहुतेक परप्रांतातून पोटासाठी आलेले कामगार. त्याच दिवशी मदत जाहीर झाली: राज्य सरकारकडून 5 लाख, पंतप्रधान मदत निधीतून 2 लाख. ठेकेदारांवर हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला. पुढे 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि रस्ता पुरा झाला.

असं काही घडलं की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘त्यांची वेळ भरली होती.’ दुसरं, ‘सरकारने चेक दिला ना.’ पहिल्या वाक्याने हिशेब वरच्या दारी जातो, दुसऱ्याने तो मिटतो. या पुस्तकाचा विषय या दोन वाक्यांच्या मधे आहे. एकाच्या हयगयीने दुसऱ्याचं नुकसान झालं, तर ते ज्याच्या अंगावर पडलं त्यानेच सोसायचं, की ज्याने काळजी घ्यायला हवी होती त्याच्याकडून वसूल करायचं? कायद्याच्या पुस्तकात या शाखेला अपकृत्यांचा कायदा म्हणतात आणि निष्काळजीपणा हा तिचा सगळ्यात मोठा भाग. जाहीर होणारी मदत देणाऱ्याच्या मर्जीची असते, तिच्यासाठी आभार मानावे लागतात. भरपाई हे देणं असतं. थकलं तर त्यावर व्याज चढतं.

सरळांब्याचंच घ्या. कामावर असताना मजूर गेला, तर त्या वेळी 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागत होता. त्याप्रमाणे मालकाची चूक होती हे वारसांना सिद्ध करावं लागत नाही. मजुराचं वय 30 आणि पगार महिना 15 हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर हिशेब असा: हिशेबात धरायच्या पगाराची वरची मर्यादा 15 हजार, त्याचे निम्मे 7,500, आणि 30 वर्षांना कायद्याच्या तक्त्यातला गुणक 207.98. गुणाकार येतो 15,59,850 रुपये. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंड. मजूर पोटठेकेदाराचा होता म्हणून ज्याचं काम चाललं होतं तो हात झटकू शकत नाही. कलम 12 प्रमाणे त्याने आधी भरायचं आणि मग ठेकेदाराकडून वसूल करून घ्यायचं. जाहीर झालेल्या मदतीने हे देणं फिटत नाही. पण मदतीचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, हा आकडा कोणी छापत नाही.

पुस्तकासाठी मी उंबरमाळीच्या आसपासचा मुलूख निवडला, त्याला कारण आहे. खर्डी आणि कसारा यांच्या मधलं हे छोटं स्टेशन. चहूकडे डोंगर, जंगल, पाडे. पण लंडनच्या न्यायालयांनी दीडशे वर्षांत ज्या ज्या प्रकारच्या दाव्यांवर डोकं चालवलं, ते सगळे इथे तासा-दोन तासांच्या अंतरात सापडतात. मुंबईची लोकल इथून जाते. मुंबई-आग्रा महामार्ग जवळ, समृद्धी जवळ. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच तालुक्यात. रानातून गेलेल्या विजेच्या तारा आहेत, वीटभट्ट्या आहेत, मुरबाडकडे औद्योगिक वसाहत आहे, आणि पावसाळ्यात दरडी कोसळणारे दोन घाट, कसारा आणि माळशेज. नुकसानभरपाईचा कायदा शिकवायला याहून चांगला वर्ग मिळणार नाही. आणि त्या कायद्याचा उपयोग इतका कमी होणारा मुलूखही थोडाच असेल.

थोडं आडवळण घेतो. भारतात फौजदारी कायदा लिहिलेला आहे, कराराचा 1872 पासून लिहिलेला आहे. अपकृत्यांचा असा एक कायदा नाही. 1886 च्या सुमाराला सर फ्रेडरिक पोलॉक यांनी तसा मसुदा करून दिला होता, तो कधी मंजूरच झाला नाही. त्यामुळे ही शाखा निकालांवर उभी आहे, काही इंग्लंडचे, बरेचसे आपले. त्यात 1932 चा एक निकाल सगळ्यांचा मूळपुरुष मानला जातो. स्कॉटलंडातल्या पेस्ली गावी 1928 च्या ऑगस्टमध्ये एका बाईंना मैत्रिणीने जिंजर बिअर पाजली आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली. बाटली बाईंनी विकत घेतलेली नव्हती, म्हणून दुकानदाराशी त्यांचा व्यवहार नाही. कारखानदाराशी तर नाहीच. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की आपल्या वागण्याची झळ ज्याला बसेल हे आधी कळण्यासारखं आहे, त्याच्याबाबत काळजी घेण्याचं कर्तव्य आपल्यावर असतं. ओळख असो, नसो. व्यवहार असो, नसो.

हे तत्त्व आपल्या रस्त्यावर आणून पाहू.

समजा, रात्री शहापूर-मुरबाड रस्त्यावर विटांनी भरलेला ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा आहे. ट्रॉलीला मागचा दिवा नाही, लाल रिफ्लेक्टर कधीच गळून पडलाय. चालक रीतीप्रमाणे आजूबाजूचे चार-सहा मोठे दगड उचलून ट्रॉलीच्या मागे रस्त्यावर अर्धगोल मांडतो, एखादी झाडाची फांदीही टाकतो. पहाटे चाक बदलून होतं, ट्रॅक्टर निघून जातो. दगड तिथेच राहतात. ही आपली जुनी खोड. या रस्त्यांनी जाणाऱ्याने ते दगड पाहिलेच असतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधारात एक तरुण मोटरसायकलवरून येतो, दगडावर आदळतो आणि मांडीचं हाड मोडतं. ट्रॅक्टर तर केव्हाच गेलेला. आता जबाबदार कोण?

कोर्ट इथे एकेक प्रश्न विचारत जातं. ट्रॅक्टरवाल्याने मागून येणाऱ्याची काळजी घ्यायला हवी होती का? हो, रस्ता त्याच्या एकट्याचा नाही. ती घेतली गेली का? दगड मांडणं ही काळजीच होती, पण उचलून न ठेवणं ही हयगय. साधारण शहाण्या माणसाने काय केलं असतं, ही इथली मोजपट्टी. फार हुशार माणसाची नाही, आणि ‘आमच्याकडे असंच करतात’ या सबबीचीही नाही. गावभर सगळे दगड टाकून जातात म्हणून दगड टाकून जाणं शहाणपणाचं ठरत नाही. मग हाड मोडलं ते त्या दगडामुळेच का? बहुतेक वेळा दावा अडकतो तो इथे. रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याने दिवसभर दगड तसेच राहू दिले, याचाही वाटा त्यात असू शकतो. आणि शेवटी, नुकसान किती? दवाखान्याचा खर्च, बुडालेली रोजंदारी, पाय आखूड राहिला तर पुढच्या जन्मभराची कमाई.

यात आणखी एक गाठ असते. तो तरुण ट्रिपल सीट असेल तर? विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा तेच विचारतो. इथे सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल उपयोगी पडतो: दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. तिघे असल्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली, असं दाखवावं लागतं. नियम मोडला त्याचा दंड वेगळा, आणि दुसऱ्याच्या चुकीची भरपाई वेगळी. आपल्या पोलीस चौकीतल्या गप्पांत या दोन्ही गोष्टींची हमखास सरमिसळ होते. ‘तुझीच चूक, तीन बसला होतात’ एवढं ऐकून कितीतरी माणसं परत फिरतात.

काळजीची मोजपट्टी डॉक्टरांना कशी लावायची, हे भारतात ज्या निकालाने बसवून दिलं तो सगळा मराठी माणसांतला आहे, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. 6 मे 1953 ला रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर आनंद नावाच्या तरुणाला अपघात झाला आणि मांडीचं हाड मोडलं. वडील स्वतः डॉक्टर. जमेल तसा आधार बांधून मुलाला लांबचा प्रवास करवत पुण्याला आणलं. तिथे अस्थिरोगतज्ज्ञाने हाड ओढून बसवलं. भूल न देता, मॉर्फियाच्या इंजेक्शनवर. 9 मे रोजी मुलगा गेला. बापाने दावा लावला. मागणी होती पैशाची, पण मिळाले किती? 3,000 रुपये. पंधरा वर्षं तो दावा पायरी पायरीने चढत 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला: डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले. निकाल बापाच्या बाजूने लागला. रोगी घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना, आणि तो उपचार करताना, अशा तिन्ही ठिकाणी डॉक्टरवर काळजीचं कर्तव्य असतं, असं तिथे सांगितलं गेलं. डॉक्टरकडून असामान्य कौशल्य मागितलेलं नाही आणि रोगी बरा होण्याची हमीही मागितलेली नाही. त्या विद्येत वाजवी समजली जाईल एवढी दक्षता, बस्स. आज वैद्यकीय हयगयीचा कुठलाही दावा उभा राहिला की हा निकाल उलगडला जातो. 3,000 रुपयांत त्या बापाला काय मिळालं हे कोणी सांगू शकणार नाही, पण त्याच्या हट्टाचं व्याज सगळा देश खातो आहे.

पालशेतच्या अपघातानंतर दहा वर्षांनी दुसरी गोष्ट घडली ती त्या वेळच्या औरंगाबादेत. जुलै 1963 मध्ये सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. पाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, पोट दुखू लागलं, पुन्हा उघडलं तर आत टॉवेल राहिलेला. बाई वाचली नाही. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पुन्हा कायम केले. तेहेतीस वर्षं. या निकालातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, काही घटना आपली साक्ष आपणच देतात; पोटात टॉवेल सापडला की नेमका कोणाच्या हातून राहिला हे नवऱ्याने शोधत बसायचं नसतं, कसा राहिला हे रुग्णालयाने सांगायचं. दुसरी, डॉक्टर सरकारी नोकर असला म्हणून सरकार सुटत नाही. नोकराने नोकरीचं काम करताना केलेल्या हयगयीला मालक जबाबदार, आणि दवाखाना चालवणारं सरकार इथे मालकच. प्राथमिक आरोग्य केंद्रावरच ज्यांचा सगळा भरवसा आहे अशा पाड्यांसाठी हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखं आहे.

एक गैरसमज आताच दूर करतो. ‘केस झाली आहे’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पोलीस केस असते, पूर्वी कलम 304-अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106. ती केस सरकार विरुद्ध आरोपी अशी चालते. तिथे शिक्षा होते किंवा होत नाही. जखमी माणसाच्या हातात काही पडेलच असं नाही. भरपाईचा दावा वेगळा लावावा लागतो, आणि तिथे पुराव्याची पट्टी हलकी असते: शंकेला जागा नको असं नाही, दोन्ही बाजू तोलल्यावर पारडं कुठे झुकतं एवढंच पाहतात. म्हणून फौजदारी कोर्टात चालक सुटला तरी भरपाईचा दावा बुडत नाही. हे माहीत नसल्यामुळे दावे सोडून दिले जातात.

आता धरणांकडे. 1860 मध्ये इंग्लंडच्या लँकेशायरात रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाने पाण्यासाठी तलाव बांधून घेतला. तळाशी जुन्या, बुजलेल्या खाणी होत्या. तलाव भरला आणि पाणी त्यातून शेजारच्या फ्लेचरच्या चालू कोळसा खाणीत घुसलं. रायलंड्सची स्वतःची हयगय सिद्ध झाली नाही, काम तर ठेकेदारांनी केलं होतं. तरी 1868 मध्ये त्यालाच भरावं लागलं. सुटलं तर घात करील अशी वस्तू आपल्या फायद्यासाठी आपल्या जागेत साठवली, तर ती सुटल्यावर होणारं नुकसान आपलं. हयगय होती की नाही, हा प्रश्नच नाही. तानसा 1892 पासून पाणी साठवतो आहे. त्याच्या भिंतीखाली राहणाऱ्या माणसाला हा निकाल पुस्तकी वाटायचं कारण नाही.

अर्थात या नियमाला इंग्रजांनी पळवाटाही ठेवल्या. देवाची करणी ही त्यातली पहिली, तिऱ्हाइताचं कृत्य ही दुसरी. या वाटेने कोण कोण पळायला बघतं ते आपण 2019 मध्ये पाहिलं. 2 जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वाडी वाहून गेली, आणि त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. खेकडे तिऱ्हाईत की देवाची करणी, यावर कायद्याच्या विद्यार्थ्यांनी खुशाल वाद घालावा. मला एवढंच वाटतं की मातीच्या धरणाला खेकडे लागतात हे माहीत असणं आणि ते पाहत राहणं, यालाच काळजी म्हणतात.

भारतात या पळवाटा बऱ्याच बुजल्या आहेत. भोपाळच्या वायुगळतीनंतर वर्षभराने, डिसेंबर 1985 मध्ये, दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने सांगितलं की मुळातच धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला एकही सबब मिळणार नाही. आपल्या शेतकऱ्याच्या जास्त कामाचा निकाल मात्र 2002 चा. मध्य प्रदेशात पावसाळी रात्री सायकलवरून घरी निघालेला माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेला लागून गेला. वीज मंडळ म्हणालं, कोणीतरी आकडा टाकून वीज चोरत होता, तार त्याची. सर्वोच्च न्यायालयाने ही सबब धुडकावली: वीज तुमची, ती बाहेर सुटू नये हे पाहणं तुमचं काम, चोर आकडे टाकतात हे तुम्हालाही माहीत. जून-जुलैत तार तुटून बैल मेला की आपल्याकडे पंचनामा होतो, आकड्यावर बोट ठेवलं जातं आणि प्रकरण थंडावतं. बोट ठेवणाऱ्यापुढे हा निकाल ठेवायचा.

रेल्वेचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांबलं आहे, आणि ते लांबणारच. कसारा लाइनचा माणूस दिवसाचे चार-पाच तास गाडीत काढतो. कल्याणच्या पुढे गर्दी दारापर्यंत येते. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून गेलेल्या दोन लोकलच्या दारातली माणसं एकमेकांवर घासून खाली पडली. त्यातली एक गाडी कसाऱ्याहून निघालेली होती. त्या दिवशी चौघांचा जीव गेला. लगेच जुनी चर्चा सुरू झाली: दारात कशाला लटकायचं?

कायद्याने या प्रश्नाचं उत्तर कधीच देऊन ठेवलं आहे. 1989 च्या रेल्वे कायद्यात 1994 मध्ये कलम 124-अ घातलं गेलं. गाडीतून अपघाताने पडून प्रवासी मेला किंवा जखमी झाला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, रेल्वेने भरपाई द्यायची. 1 जानेवारी 2017 पासून मृत्यूला 8 लाख रुपये. सुटका फक्त मोजक्या कारणांनी: आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा किंवा वेड, आणि आजार. ‘प्रवाशाची हयगय’ हे कारण त्या यादीत नाही. 2008 मध्ये चढता चढता पडलेल्या बाईच्या प्रकरणात आणि 2010 मध्ये उघड्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. दारात उभं राहणं बेफिकिरी असेल, गुन्हा नाही. आणि स्वतःला इजा करून घेण्याचा इरादा तर नाहीच नाही.

मग अडतं कुठे? तिकिटावर. पडलेल्या माणसाच्या खिशातलं तिकीट रक्तात भिजतं, वाऱ्यावर जातं, फोन फुटला तर फोनमधलं तिकीटही जातं. रेल्वे म्हणते, हा प्रवासीच नव्हता. 2018 च्या रीना देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही अडचणही सोडवली: तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो विनातिकीट ठरत नाही, वारसांनी प्रतिज्ञापत्रावर हकीकत सांगितली की पुढचा भार रेल्वेवर. तरीही पास कोणत्या तारखेला काढला, घरातून कोण सोडायला आलं होतं, कोणत्या कामाला निघाला होता, हे सांगणारा माणूस आणि कागद हवा. स्टेशन मास्तरचा मेमो, लोहमार्ग पोलिसांची अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, एवढे कागद सुरुवातीच्या दिवसांत मागून घ्यावेत. पंचनाम्यात ‘रूळ ओलांडताना’ असे दोन शब्द पडले की दावा तिथेच आजारी पडतो, कारण रुळावरून चालणारा कायद्याने प्रवासी नाही आणि 124-अ त्याच्यासाठी नाही. त्याच्या वारसांना रेल्वेची हयगय शोधून सिद्ध करावी लागते, जुन्या वाटेने, साध्या दिवाणी कोर्टात. पाड्यावरून स्टेशनला यायला दुसरी वाटच नसेल तर काय, हा प्रश्न रास्त आहे, पण तो दाव्यापेक्षा पादचारी पुलाच्या मागणीत लवकर सुटतो. रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे जायची मुदत एक वर्ष. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं.

रस्त्यावरच्या वाहनांचं गणित थोडं निराळं. मोटार वाहन कायद्याच्या दाव्याला 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आहे. चूक सिद्ध करायची नसेल तर कलम 164 खाली मृत्यूला ठरलेले 5 लाख मिळतात. चूक सिद्ध करायची तयारी असेल तर कलम 166 खाली पूर्ण हिशेब. तो हिशेब एकदा प्रत्येकाने करून पाहावा. वीटभट्टीवरचा 30 वर्षांचा माणूस, महिना 12 हजार, घरात चार खाणारी तोंडं. वर्षाचे 1,44,000. पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के मिळवले की 2,01,600. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून पाव वजा, राहिले 1,51,200. वय 26 ते 30 मधे, म्हणून गुणक 17. होतात 25,70,400 रुपये, वर अंत्यविधी आणि सहवास गमावल्याच्या ठरावीक रकमा. हे कोष्टक 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांनी बसवलं. आणि बाई गेली तर? ‘ती घरीच असते’ असं नवराच सांगतो, आणि आपल्याच दाव्याच्या मुळावर घाव घालतो. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गृहिणीच्या कामालाही रुपयांत किंमत आहे आणि ती धरायची. दोन मैलांवरून हंडा आणणाऱ्या बाईचं ‘घरी असणं’ मोजायला लागलं, तर तिच्या नवऱ्याच्या मजुरीपेक्षा ते कमी भरेल असं मला वाटत नाही.

एक कटू गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. मालवाहू टेम्पोतून वऱ्हाड नेलं, ट्रकच्या हौद्यात फुकट बसवून माणसं नेली आणि गाडी उलटली, तर विमा कंपनी बहुधा सुटते. 2002 च्या आशा राणी निकालापासून हे ठरलेलं आहे: मालाच्या गाडीत फुकट बसलेला माणूस विम्यात येत नाही. दावा मालक-चालकावर उरतो, आणि मालकाकडे हुकूमनामा भागवण्याइतकी मालमत्ता असेलच असं नाही. हक्क आहे, वसुली नाही. लग्नाच्या गाडीचं भाडं ठरवताना हे कोणाच्या मनात येत नाही.

प्रत्येक दुःखाला कोणीतरी कारणीभूत असतोच, असंही या पुस्तकाचं म्हणणं नाही. राजकोटमध्ये रस्त्याने चाललेल्या माणसावर झाड कोसळून तो गेला. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरलं नाही. तो निकाल मला अजून पूर्ण पटलेला नाही, पण त्यामागचा विचार समजून घ्यावा लागतो: प्रत्येक झाडाच्या प्रत्येक फांदीची जोखीम सरकारी संस्थेवर टाकली तर तिची तिजोरी झाडांतच संपेल. रेषा कुठे ओढायची यावर न्यायाधीशांचंही एकमत नसतं, आणि ही शाखा जिवंत राहिली आहे ती त्यामुळेच.

रेषा सरकल्याचं अगदी अलीकडचं उदाहरण मुंबईचं आहे. रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 2013 मध्ये मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, उच्च न्यायालयाने त्याचीच जनहित याचिका केली, आणि 13 ऑक्टोबर 2025 ला न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व संदेश पाटील यांच्या खंडपीठाने आदेश दिला. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख. इजा झाली तर तिच्या स्वरूपाप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख. दावा ठरवायला समिती, पैसे द्यायला सहा ते आठ आठवडे. आणि दिलेली रक्कम पुढे कामचुकार ठेकेदार किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायची. यातला शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आजवर रस्त्याच्या हयगयीची भरपाई, मिळालीच तर, सार्वजनिक तिजोरीतून जायची, म्हणजे ज्याचा पाय मोडला त्याच्याच करातून. आता ती कंत्राटाच्या बिलातून आणि अधिकाऱ्याच्या पगारातून खरोखर कापली जाते का, ते दोन-तीन पावसाळ्यांत कळेल.